त्या वर्षीची आमटी

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण मंदाताई, यांच्यासारखी हट्टी बाई अख्ख्या ग्वाल्हेरात शोधून सापडायची नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणते. त्या हसतात आणि म्हणतात, "राजलक्ष्मी, तुझी जीभ आधी पोचते, तू मागून येतेस." असेल बाई. पण माझ्या जिभेनं निदान कोणाचं वाटोळं केलेलं नाही. आमच्या घरातल्या गोडबोल्यांनी काय करून ठेवलं, ते सांगायला बसलेय मी.

वन्सं माधवगंजात राहतात, देवळामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायच्या. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही, त्यामुळे सगळा जीव माझ्या मुलीवर, यशश्रीवर. शाळेत त्यांचा दरारा होता. मुलीनं काज वाकडं केलं की शांतपणे उसवायला लावायच्या आणि विचारायच्या, "कुठं चुकलं, ते तूच सांग." चुकण्याबद्दल त्या कधी रागावल्या नाहीत. पण आतून टाका सुटलाय आणि वरून इस्त्री फिरवून आणलंय, असं कोणी केलं तर त्या पोरीची धडगत नसे. त्यांच्या विद्यार्थिनी आजही बाजारात भेटल्या की आधी आपल्या ब्लाउजची शिवण चाचपतात.

निवृत्त झाल्या आणि बोटांनी दगा दिला. सकाळी मूठ मिटेना, सुई धरणं तर सोडाच, नळ उघडेना. आम्ही डॉक्टर तरुण भदौरियांकडे गेलो. एका खासगी रुग्णालयात बसतात, सांध्यांचे डॉक्टर, माणूस भला. त्यांनी संधिवात सांगितला, औषधं दिली, पण वन्संना म्हणावा तसा उतार पडेना. तेव्हा ते म्हणाले, "एक नई दवा की ट्रायल चल रही है, आप चाहें तो." नवी गोळी होती. काही पेशंटांना खरी द्यायची, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाच्या वाट्याला कोणती आली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. मग शेवटी सगळ्यांचं मिळून बघायचं, की गोळीनं खरंच काही केलं का.

"म्हणजे परीक्षा गोळीची, आपली नाही," वन्सं खूश होऊन म्हणाल्या.

मी म्हटलं, "वन्सं, या वयात उंदीर व्हायची हौस आलीय का?"

"अगं, कोणीतरी पहिल्यांदा घेतली म्हणूनच डोकं दुखलं की तू गोळी गिळतेस ना?"

असं वर शहाणपण ऐकवलं की माझा पारा चढतो. पण त्यांनी सही केली ती केलीच.

ट्रायलची सगळी व्यवस्था गरिमा नावाची मुलगी बघायची. गोड पोर. गोळ्या द्यायची, रक्त तपासायला न्यायची, आणि दर आठवड्याला फोन करून विचारायची, "आंटीजी, कोई परेशानी तो नहीं?" वन्सं म्हणायच्या, "नहीं बेटा, सब बढ़िया." आणि होतंच बढ़िया! बोटं उघडली. त्या दिवाळीत वन्संनी यशश्रीसाठी स्वतःच्या हातानं परकर-पोलकं नाही, चक्क अस्तराचा कुर्ता शिवला. मी हात जोडले, म्हटलं, उंदीर जिंकला बाई.

ट्रायल संपली. गरिमा म्हणाली, निकाल आला की कळवू. गोळी बंद झाली, डॉक्टरांनी दुसरं औषध सुरू केलं, त्यानंही बरं चाललं. निकाल मात्र आला नाही. वन्सं अधूनमधून फोन करायच्या, गरिमा म्हणायची, "आंटीजी, कंपनी ने अभी कुछ भेजा नहीं." पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. वन्संचा मास्तरीण स्वभाव उसळून यायचा. "परीक्षा घ्यायची आणि निकाल लावायचाच नाही? शाळेत असं केलं असतं तर पालकांनी फाटक तोडलं असतं." मी म्हणायची, सोडा हो, तुमची बोटं चालतात ना, बस झालं.

याच सुमाराला लक्षात आलं, की त्यांची चव गेली आहे. आम्हाला ते फार उशिरा कळलं. लोणचं घालणं बंद केलं त्यांनी, महिला मंडळाच्या बायकांना मसाला करून देणंही बंद केलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "जिभेला काही कळत नाही गं हल्ली. वय झालं. आधी मला वाटलं होतं त्या गोळीचं असेल, पण नाही, तेव्हा मी पारखून बघितलं होतं." मीही मान हलवली. वय होतंच की माणसाचं.

आणि मग यशश्रीची मनगटं सुजली.

माझी मुलगी घरून खाणं करून देते. पुरणपोळ्या, मोदक, फराळ, केक. आम्ही दर्पण कॉलनीत राहतो, पण तिची गिऱ्हाइकं थेट माधवगंजापर्यंत. चव तिनं आत्याकडून घेतली आहे, हे मी मुकाट कबूल करते. पोरीचं सगळं हातांवर चाललेलं, आणि एका सकाळी तिला पोळपाटावर लाटणं फिरवता येईना. ओट्याशी उभी राहून रडली. आईला हे बघवतं का? आम्ही पुन्हा भदौरियांकडे, आणि वन्सं सोबत.

डॉक्टर म्हणाले, त्याच गोळीची आता दुसरी, मोठी ट्रायल इथे सुरू होणार आहे. यशश्रीला घेता येईल.

"पहली का क्या हुआ?" वन्संनी विचारलं.

"ठीक ही रही होगी, तभी तो दूसरी कर रहे हैं."

"रही होगी?" वन्संचा आवाज शाळेतला झाला. "डॉक्टरसाहेब, आपको पता नहीं है?"

भला माणूस ओशाळला. म्हणाला, सगळी माहिती कंपनीकडे असते, माझ्याकडे फक्त माझ्या पेशंटांची, तीसुद्धा कोणाला कोणती गोळी होती हे न कळता. यशश्रीनं तिथेच मोबाइलवर शोधलं. अशा ट्रायलची सरकारी नोंदणी असते, कोणालाही बघता येते. आत्याची ट्रायल तिथे होती. पुढे लिहिलं होतं, पूर्ण. निकालाच्या जागी काही नाही. कोरं.

"निकाल दाखवल्याशिवाय माझी मुलगी सही करणार नाही," वन्संनी सांगून टाकलं.

माझी मुलगी! मी रस्त्यात गाडी थांबवायला लावली आणि भांडले. "तुमची बोटं उघडली ना? मग तिची का अडवता? ती रोज रडतेय, दिसत नाही का?"

"माझी उघडली," वन्सं म्हणाल्या. "बाकीच्यांचं काय झालं, मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

मी घरापर्यंत एक शब्द बोलले नाही. माझ्यासाठी हे किती अवघड, ते मला ओळखणाऱ्यालाच कळेल.

पण डॉक्टरांच्या मनाला लागलं असावं. रुग्णालयात एक समिती असते, पेशंटांवर अन्याय होत नाही ना हे बघणारी. तिच्यापुढे त्यांनी विषय मांडला. वन्संनाही बोलावलं. त्या इस्त्रीची सुती साडी नेसून गेल्या आणि जे आम्हाला सांगायच्या तेच त्यांना सांगितलं. समितीनं कंपनीला कळवलं, पहिलीचा निकाल दाखवा, नाहीतर दुसरी इथे होणार नाही. तेव्हा कुठे कंपनीवाले हलले. बरेच दिवस गेले, पण सारांश आला, आणि त्या सरकारी जागेवरही चढला.

डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून तो समजावला. खरी गोळी घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांची सूज उतरली होती, औषध नसलेल्या गोळीवाल्यांपैकी थोड्यांची. त्रास म्हणाल तर काहींना पोटाचा, काहींना डोकेदुखी. वन्संना खरी गोळी होती, हेही कळलं.

"और स्वाद?" वन्संनी विचारलं. "मुँह का स्वाद किसी का गया?"

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. "नहीं. किसी ने नहीं बताया."

"बरं," वन्सं म्हणाल्या, आणि यशश्रीच्या पाठीवरून हात फिरवला. "कर सही. आता मला काही म्हणायचं नाही." मला इतकं हलकं वाटलं, की मी त्यांची माफी मागायच्या बेतात होते. नशीब, मागितली नाही. सोमवारी सही करायची ठरली.

रविवारी वन्सं आमच्याकडे जेवायला होत्या. मी आमटी केली होती. आमचे हे, रमाकांत, पहिला भुरका मारून म्हणाले, "मीठ जरा पुढंच गेलंय. पण ताईच्या त्या वर्षीच्या आमटीपुढं काहीच नाही!" आणि एकटेच हसत बसले.

"कोणत्या वर्षीच्या?" वन्संनी विचारलं.

"अगं, तू ती गोळी घेत होतीस ना, त्या वर्षी. गणपतीच्या जेवणाला. मीठ दोनदा पडलेलं असणार. तोंडात धरवत नव्हती. मधुसूदनकाका तर भात कमी आणि पाणी जास्त."

मी त्या गणपतीत इथे नव्हते, माझी आई आजारी म्हणून इंदूरला होते. असते तर पहिल्या घासाला बोलले असते.

वन्संनी हातातला घास पानात ठेवला. "तुम्ही सगळे म्हणालात, छान झालीय."

"मग काय म्हणायचं? पानातल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत. आप्पांची शिस्त विसरलीस?"

ही शिस्त ग्वाल्हेरच्या आमच्या सगळ्या दक्षिणी, म्हणजे मराठी, घरांतून ऐकायला मिळते, पण माझे सासरे, आप्पा, म्हणजे कळसच. लहानपणी ह्यांनी कारल्याच्या भाजीला तोंड वाकडं केलं, तर आप्पांनी त्यांना पानावरून उठवलं होतं. वाढलेलं निमूट जेवायचं आणि करणारीला छान म्हणायचं. माझ्या स्वयंपाकापुरती ह्यांनी ती शिस्त कधीच गुंडाळून ठेवलीय, ते वेगळं. आणि नैवेद्याचा स्वयंपाक करताना चाखायचा तर नसतोच.

"रमाकांत," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ऐकून यशश्रीसुद्धा जेवायची थांबली. "त्या दिवसांत मला शंका आली होती. चहात साखर आहे की नाही, कळेना. गरिमाला सांगणारच होते. मग म्हटलं, उगीच कशाला, आधी खात्री करू. नैवेद्याचा स्वयंपाक मी चाखत नाही, सवयीच्या हातानं करते. माझ्या जिभेला लागतं तेच बाकीच्यांना लागलं, तर जीभ ठीक आहे, मनाचे खेळ आहेत. एवढ्या माणसांनी छान म्हटलं. जेवताना मलाही आमटी खारट लागली नाही, मग मला खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी गरिमाचा फोन आला."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"सब बढ़िया."

 ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"निकाल दाखवा, निकाल दाखवा म्हणून मी सगळ्यांना फैलावर घेतलं," वन्सं म्हणाल्या. "त्यांनी दाखवला. 'किसी ने नहीं बताया.' त्यातली एक मीच ना! मी वरून इस्त्री फिरवून दिली, राजलक्ष्मी. आणि तेच वाचून मी पोरीला म्हटलं, कर सही."

मला काय राग आला म्हणून सांगू! ह्यांचा आला, आप्पांचा आला, त्या मधुसूदनकाकांचा आला. एक माणूस, एक माणूस म्हणाला असता की मंदा, आमटी खारट आहे! मी ह्यांना म्हटलं, "अहो, तुमच्या सभ्यतेनं बहिणीची जीभ गेली." फार बोलले. वन्संनीच मला थांबवलं. म्हणाल्या, "त्यांचं राहू दे. फोनवर मी होते."

सोमवारी यशश्रीनं सही केली नाही. तिच्याऐवजी वन्सं जाऊन बसल्या डॉक्टरांसमोर आणि सगळं सांगितलं. गरिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आंटीजी, मैंने तो हर बार पूछा था."

"तूने पूछा था, बेटा. मैंने ही नहीं बताया."

मला वाटलं होतं, डॉक्टर म्हणतील, आता काय उपयोग. तसं नाही केलं त्यांनी. पहिल्या ट्रायलच्या आपल्या सगळ्या पेशंटांना पुन्हा फोन लावले, आणि या वेळी "परेशानी तो नहीं" असं न विचारता सरळ विचारलं, नमक का स्वाद आता है? चीनी का? आणि निघाले की लोक! एकीला वाटलं होतं, वय झालं. एकजण म्हणाले, हातांना इतका आराम पडला होता, जिभेचं कुठं सांगत बसायचं, डॉक्टरांना वाईट वाटलं असतं. एकीनं घरी सांगितलं, तर नवरा म्हणाला, नखरे हैं. सगळ्यांनी फोनवर एकच सांगितलं होतं, सब बढ़िया. गोळीनंच हे झालं, असं डॉक्टर छातीठोक म्हणाले नाहीत. पण त्यांनी ते समितीला कळवलं, कंपनीला कळवलं, आणि नव्या संमतीपत्रात एक ओळ आली, की चव जाऊ शकते, जाणवली तर लगेच सांगा, लवकर थांबवलं तर परत येण्याची शक्यता जास्त.

आता मी म्हटलं, नको ती गोळीच. यशश्री म्हणाली, "आई, नको कसं? हात तर असेच राहिले ना. पहले पता नहीं था, आता माहीत आहे. माहीत असून घेणं वेगळं असतं." आमची मुलं अशीच बोलतात, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं, पण पोर बरोबर बोलत होती. तिनं ओळ न् ओळ वाचली आणि सही केली.

वन्संनी एकच अट घातली. रोज संध्याकाळी यशश्रीनं त्यांच्याकडे चहाला यायचं. कधी त्यात साखर असायची, कधी त्या मुद्दाम घालायच्याच नाहीत. स्वतःला तर काही कळत नाही, तेव्हा डब्याला हात लावला की नाही, एवढंच त्यांना ठाऊक. यशश्री पहिल्या घोटाला ओरडायची, "आत्या, फीका है यार!" आणि वन्सं अशा खुलायच्या, जसं काही पोरीनं बक्षीस आणलंय.

गोळी तिला लागू पडली. मनगटं उतरली, लाटणं फिरायला लागलं. दिवाळीच्या ऑर्डरी इतक्या आल्या की मला चकल्या पाडायला बसवलं. यशश्री गाणं गुणगुणत पुरण वाटायची. किती महिन्यांनी ऐकलं होतं मी ते.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मीही माधवगंजात होते. वन्संनी चहा ओतला. यशश्रीनं घोट घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाली, "छान झालाय, आत्या."

वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. माझा हात माझ्या कपाकडे गेला. मी घोट घेतला. साखरेचा कणही नव्हता.

"छान लागतोय, की छान म्हणतेस?" वन्संनी विचारलं.

यशश्रीनं मान खाली घातली. मग मला म्हणाली, "आई, दिवाळीपुरतं. प्लीज. सांगितलं की ते गोळी बंद करतील. हात पुन्हा तसेच होतील. थोडंसंच गेलंय, सगळं नाही." खाली मान घालून ती आपल्या उघड्या, सुंदर हातांकडे बघत होती. आणि खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडावर आलं होतं, राहू दे बाई, दिवाळीपुरतं. मी, फटकळ म्हणून गावभर नाव असलेली मी, गप्प बसले.

वन्संनी तिचे हात स्वतःच्या हातांत घेतले. "मला कळतंय," त्या म्हणाल्या. "माझीही बोटं अशीच उघडली होती गं. सांगावंसं वाटत नाही." मग त्यांनी मोबाइल तिच्या पुढ्यात सरकवला. "तुझ्यामागून कोणाची तरी पोर सही करणार आहे."

यशश्रीनं तो पालथा घातला, पुन्हा सुलटा केला. मग तिनं गरिमाला फोन लावला. पलीकडून नेहमीचा प्रश्न आला असणार. यशश्रीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "नहीं दीदी, सब बढ़िया नहीं है."

गोळी बंद झाली. निम्म्या ऑर्डरी परत केल्या, उरलेल्या वन्संनी आणि मी निभावल्या, मीठ-साखरेला मी. हात पुन्हा सुजले, आता जुनंच औषध चालू आहे, त्यानं थोडं बरं आहे, फार नाही. संध्याकाळचा चहा मात्र वन्संनी सोडला नाही. रोज बिनसाखरेचाच करायच्या. रोज यशश्री प्यायची आणि मान हलवायची, नाही, काही कळत नाही. संक्रांत जवळ आली होती, वन्सं तीळ निवडत बसल्या होत्या. यशश्रीनं कप तोंडाला लावला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"शी, आत्या! साखर कुठाय?"

वन्सं तिळाचं ताट बाजूला ठेवून उठल्या. कपाटातून साखरेचा डबा काढून त्यांनी यशश्रीच्या पुढ्यात ठेवला, आणि झाकण मी उघडलं.